शेवटच्या नळाचं पिवळं पाणी

काचेच्या नळीतलं पाणी पिवळं झालं म्हणून नाचावंसं वाटणारी माणसं आमच्याच गल्लीत जन्माला येतात. गावच्या बोअरचं पाणी टाकीत चढतं आणि पाणीवाला दत्तू त्यात जंतू मारायची पावडर टाकतो. पण आमची नाकं अशी तिखट, की तीन कोसांवर कुणी कांदा चिरला तरी आम्ही इथे डोळे पुसतो. "दत्तू, चहाला दवाखान्याचा वास मारतोय रे!" ही बोंब सगळ्यात मोठ्याने मीच ठोकली होती. बिचाऱ्याने पावडर निम्मी केली, मग चिमटीवर आणली. आठवड्यात अख्खी गल्ली टमरेल घेऊन धावू लागली आणि माझी चार वर्षांची नात सलाईनवर गेली.

आज ती घरी आली. दत्तूने पावडर पुन्हा पूर्ण मापाने टाकली होती. त्याने आमच्या, म्हणजे गावातल्या शेवटच्या नळाचं पाणी नळीत धरलं आणि तपासणीच्या औषधाचे थेंब सोडले. सूनबाई पेला घेऊन उभी.

"पिवळं झालं, वहिनी! पावडर इथवर पोचली. द्या पोरीला."

आपलंही अजबच असतं. राखण हवी, पण राखणदाराच्या अंगाचा वास नको.

नात घटाघटा प्याली आणि तिने नाक मुरडलं. "आजोबा, वास येतो."

"येऊ दे गं बाई," म्हणत मी तिचा पेला पुन्हा भरला.