हुंकार थांबतो तिथे: इंदूरचा एक वर्ग

शनिवारी सकाळी शिरपूरहून इंदूरची बस धरली, ती हट्टानेच. आमच्या कॉलेजातला माझा लेखनाचा तास बंद करायचं प्राचार्यांच्या मनात होतं. "मुलं गाईडमधून उतरवतात, तुम्ही सही करता. तास हवा कशाला?" त्यात खोटं काही नव्हतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. इंदूरच्या कुसुम मॅडम माळव्यातल्या लोककथा गोळा करतात आणि त्यांतूनच लिहायला शिकवतात, असं ऐकून होतो. रविवारी त्या घरीच वर्ग घेतात. फोन करून कुणीही जावं.

बिजासन घाटात ट्रकांची रांग होती. वेळ हाताशी ठेवूनच निघा. घाटातल्या देवीला नारळ वाहिला. तास वाचव म्हणालो नाही, मला शिकू दे म्हणालो.

मुक्काम स्नेहलतागंजात, स्टेशनजवळच्या साध्या लॉजवर. सकाळी पोहे-जलेबी. पोह्यांवर जिरावण मागून घ्या, आमच्याकडे तो मसाला मिळत नाही. मग रिक्षाने सुदामा नगर, मॅडमच्या घरी.

मॅडमच्या वर्गाचा नियम एकच. गावात गोष्ट सांगताना समोरचा "हूं" म्हणत राहतो, तसा इथे प्रत्येक लेखाला एकजण हुंकार देतो. हुंकार थांबला की वाचणाऱ्यानेही थांबायचं.

आई सांगायची ती गोष्ट मी लिहून नेली होती: हरवलेली शेळी शोधत देवाच्या घरी गेलेली म्हातारी. हुंकाराला तिथलीच विद्यार्थिनी, पल्लवी. माझी नदी, पहाट, सोनेरी किरणं सुरू झाली आणि ती गप्पच.

"काय झालं?"

"सरजी, बोर होतंय! म्हातारी कुठे गेली, ते सांगा ना पहले."

सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "गोष्ट तुमच्या आईची. ही किरणं कुणाची?"

गाईड मीही उतरवतच होतो.

"कागद उलटा ठेवा, सर. नुसती सांगा."

सांगितली. म्हातारी देवाच्या दारात उभी राहून ओरडते, "आधी माझी शेळी दे, मग पाया पडते!" पल्लवीचा हुंकार शेवटपर्यंत तुटला नाही. मॅडम म्हणाल्या, "आता हीच लिहा."

परतीच्या बसमध्ये गुडघ्यावर लिहिली. अक्षर वेडंवाकडं आलं.

सोमवारी गाईडं दप्तरात ठेवायला सांगून तीच वाचली. वर्गाला हुंकार द्यायला लावलं. आधी खिदळणं, मग एकेक "हूं". प्राचार्य केव्हा दारात आले, कळलं नाही. त्यांना पाहून वर्ग चिडीचूप झाला. हुंकार थांबला, म्हणून मीही थांबलो.

मग दारातूनच आवाज आला, "हूं. पुढे?"