ताडपत्रीखालची मोजणी

...तर धोंडाबाईनं दुर्बीण उलटी डोळ्याला लावली न् म्हणाली, "ह्या डबीत लोहगड मुंगीयेवढा दिसतोय," इथपर्यंत काल आलो होतो, नाही का? ती दुर्बीण तिनं तिथल्या तिथं परत दिली. आजतागायत हातात धरलेली नाही. नुसत्या डोळ्यांनी मोजते.

धोंडाबाई म्हणजे आमच्या लोहगडवाडीतली माझी शेजारीण. माहेर वडिवळ्याचं, साठी ओलांडलेली, शाळा तिसरीपर्यंत. पावसाळ्यात भात लावायचा आणि एरवी गड चढणाऱ्यांना ताक, काकडी, लिंबूपाणी विकायचं, ह्यात जन्म गेला. कोंबडीची पिल्लं घारीपासून राखता राखता आभाळावर नजर बसलेली. आणि होळीच्या आगेमागे ससाणे, बाज, गरुड अशी शिकारी पाखरं उत्तरेला परत निघतात ती आमच्या वरच्या धारेवरूनच. ती मोजायला तळेगावची चैताली आणि पुण्याचा प्रदीप दर रविवारी येतात. पगार नाही, भत्ता नाही, नुसती हौस.

तीन वर्षांपूर्वी चैतालीनं एका घोळक्यात एकोणचाळीस मोजले, तर ताकाचा पेला पुढं करत ही बाई म्हणाली, "चाळीस. एक खाली हाय, कड्याच्या सावलीत." होताच की! तेव्हापासून हिनं मोजायचं आणि चैतालीनं लिहायचं.

मोजणं पण कसं? भात मापताना आपण पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. ती पाखरांनाही तसंच मोजते. लाभ, दोन, तीन, चार. प्रदीपनं पहिल्या दिवशी वही उघडून विचारलं होतं, "मावशी, हा लाभ कुठल्या जातीचा पक्षी?" मी हसून हसून खडकावर लोळलो.

पण गेल्या मार्चमधल्या त्या रविवारी कुणी हसलं नाही.

धार केवढी, तर दोन बैलगाड्या शेजारी उभ्या राहणार नाहीत एवढी. दोन्ही अंगांना कडा. उजव्या कड्याला, आमच्या पायांखाली वीसेक हातांवर, आग्या माशांची चार मोहोळं लोंबत होती. दर साली लोंबतात. त्यांना छेडलं नाही तर त्याही कुणाला छेडत नाहीत. उन्हासाठी चार बांबूंवर निळी ताडपत्री बांधलेली. मी ताकाची कळशी घेऊन नुकताच वर पोचलो होतो.

साडेदहाला पवनेच्या बाजूनं घोळका आला. एवढा मोठा मी तरी कधी पाहिला नव्हता. गरम वाऱ्यावर गोल गोल फिरत पाखरं वर चढत होती आणि मागून आणखी येतच होती. चैताली तर उभी राहून नाचायलाच लागली. मी धोंडाबाईकडं पाहिलं. ती वर बघतच नव्हती. मान वाकवून कड्याखाली बघत होती.

"आबा," ती हळूच म्हणाली, "मोहोळघार खाली घुसली."

ही घार मोहोळ फोडून खाते. तिच्या पिसांतून माशीचा काटा सहजी शिरत नाही. मग चवताळलेल्या माशा, जो कोण जवळ असेल त्याच्यावर जातात. जवळ आम्ही चौघं होतो.

"परदीप, सेंट मारलाय का रं आंगाला? वासावर येत्यात त्या."

"थोडा... का मावशी?"

"आडवा हो. समदी आडवी व्हा. आरडायचं न्हाई, पळायचं न्हाई."

काकडी कापायच्या सुरीनं तिनं सुतळ्या कापल्या, सपासप. ताडपत्री आमच्यावर पडली. कडा आत दुमडून आम्ही त्यांवर झोपलो. तिच्या बाजूची कड पुरेना, ती तिनं बाहेरून मुठीत धरून ठेवली. आणि आवाज आला. पत्र्यावर कुणी पोत्यानं तांदूळ ओतावा तसा. आत उकडत होतं. घाम, ताक आणि त्या सेंटाचा वास एक झाला होता.

एक माशी आत शिरली आणि प्रदीपच्या मानेला डसली. "मी चाललो!" म्हणून तो गुडघ्यावर उठला. ताडपत्री वर झाली, उजेड आत आला. तो डोळे मिटून पळणार होता आणि पळायला पुढं दोन पावलं होती. तिसरं पाऊल थेट दरीत.

धोंडाबाईनं त्याच्या पाठीवर आपली तंगडी टाकली.

"हाललास तर ताकाचं पैसं दुप्पट घीन. पड गप!"

तो पडला, पण तळहात अजून खडकाला रेटलेले होते. मला वाटलं, हा पुन्हा उठणार. आणि तेवढ्यात मला ऐकू आलं. "लाभ... दोन... तीन... चार..." ताडपत्रीला तिच्या डोळ्यांसमोर पैशाएवढं भोक होतं. त्यातून ती आभाळ बघत होती. दहा झाले की अंगठा बोटाच्या पुढच्या पेरावर. चैतालीनं कुशीवर होत खिशातलं पेन काढलं आणि हातावर लिहायला लागली.

पन्नास झाले. साठ झाले. "बासट, त्रेसट... हाललास परदीप?... चौसट." शंभराला तिचा आवाज कापला. मला वाटलं थकली. प्रदीपचे ओठही आता आकड्याबरोबर हलायला लागले होते. एकदा तर तो पुढचा आकडा तिच्या आधीच म्हणाला आणि तिनं त्याला दटावलं, "आजून दिसलं न्हाई ते."

दोनशे बारा. मग आभाळ रिकामं झालं. आणखी पंधरा-वीस मिनिटांनी वरचा आवाजही विरला. ताडपत्री उचलली तेव्हा कळलं, कड धरून ठेवलेला तिचा हात कोपरापर्यंत सुजून गेला होता. एकवीस काटे निघाले. तिनं एकदाही हाय म्हटलं नव्हतं. कामशेतच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं भेटायला गेलो. प्रदीप पायाच पडला. चैतालीनं हातावरचा आकडा अजून धुतला नव्हता. डोळे पुसत ती म्हणाली, "मावशी, एवढ्या माशा हाताला डसत होत्या, तरी तुम्हाला भीती कशी वाटली नाही?"

धोंडाबाईनं सुजलेला हात उशीवर नीट ठेवला आणि म्हणाली, "भ्याले न्हाई आसं कोन म्हनलं गं? परदीपसारखी म्याबी उटून पळनार व्हते. पर आकडा शंभरावर गेलता, आन् पाखरं काय थांबनात. मदीच टाकून पळायचं कसं?"