काचेवरचा पडदा

तरणतलावावर पोहायला शिकवणाऱ्या काकूंना सगळे शिट्टीकाकू म्हणत. तरुणपणी त्यांनी हातघाईवर येऊन इथला बायकांचा वेगळा तास बंद करवला होता. मुलं-मुली एकत्र पोहू लागली ती त्यांच्यामुळे.

आणि आता सभासदांच्या बैठकीत बेकरीवाली उठून म्हणाली, "मला पोहायला शिकायचंय. पण आमच्यात परपुरुषांसमोर पाण्यात उतरत नाहीत, आणि मलाही ते नकोच वाटतं. आठवड्यातून एक तास फक्त बायकांना द्या, रस्त्याकडच्या काचेला पडदा लावा. नात पाण्यात शिरली की मी काठावर जीव मुठीत धरून उभी असते हो!"

"मग मी काय नळाखाली पोहू?" निवृत्त पोस्टमन उसळले. "तलाव सगळ्यांचा आहे!"

"सगळ्यांत मी येत नाही का, भाऊ?"

एकच गलका झाला. हात वर झाले, मोजले, बरोबरी! मत द्यायच्या राहिल्या एकट्या शिट्टीकाकू. पडदा लावायचा म्हणजे आपल्याच लढाईवर पाणी सोडायचं. न लावावा, तर ही बाई जन्मभर काठावरच.

"मला हे पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण मी माझ्या मर्जीनं पाण्यात उतरले, हिनं तिच्या मर्जीनं उतरावं. रविवारी दुपारी एक तास. एरवी पडदा गुंडाळलेला. वर्षानं पुन्हा मतं घेऊ. आणि पोस्टमनभाऊ, तुमच्यासाठी सकाळी कुलूप लवकर काढीन."

"चहा मिळेल?"

"घरून पिऊन या!"

पडदा काकूंनीच टांगला, तोंड वाकडं करून.

बरेच रविवार गेले. मग एका दुपारी बेकरीवालीनं हातातली आधाराची तरंगती फळी सोडून दिली!

"पाय मार! अगं, श्वास घे, पाणी गिळू नकोस! आलाच काठ!" ओल्या फरशीवर पळणाऱ्या पोरांना जन्मभर रागावलेल्या काकू आज स्वतःच काठानं धावत सुटल्या होत्या. बेकरीवालीचा हात समोरच्या भिंतीला लागला आणि तिनं अशी किंकाळी फोडली की काच थरथरली.

सकाळी पोहूनही पुन्हा आलेले पोस्टमन बाहेर बाकावर ताटकळत होते. "पोचली का?" ते ओरडले.

"पोचले!"

"शाबास! चला, आता बाहेर या, माझी वेळ झाली!"

काकूंनी घड्याळाकडे पाहिलं. "अजून पाच मिनिटं आमची आहेत!" त्या पडद्याआडून गरजल्या, आणि शिट्टी फुंकली. "चल गं, परत त्या काठाला!"