डाव्या मडगार्डखालचा नंबर

बुधवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी वैजनाथ केंद्रे गाडीच्या सांगाड्यात कमरेपर्यंत वाकून गंज घासत होता. धायरीतली नाल्याकडची ही शेड त्याचीच. गाडीला चाकं नव्हती, इंजिन नव्हतं, दारं भिंतीला टेकवून ठेवलेली. उरलेला सापळा चार लोखंडी घोड्यांवर चढवलेला होता. डावं मडगार्ड काढल्यावर आत जो पत्रा उघडा पडतो, त्यावर ग्राइंडर चालला होता. चकतीखाली आधी जुनं डांबरी काळं निघालं, मग तांबडा पापुद्र्याचा थर, मग पांढरा पत्रा. वीतभर झालं की तो पुढे सरकायचा. तसा सरकला आणि चकतीच्या कडेला त्याला दोन आकडे दिसले.

सात आणि चार. लोखंडात ठोकलेले.

चारच्या पुढे काही नव्हतं. सातच्या मागे, जिथून तो घासत आला होता, तिथेही काही नव्हतं. त्याने ग्राइंडर बंद केला, गॉगल कपाळावर सारला आणि त्या वीतभर जागेवर बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

गाडी सदुसष्ट सालची अमेरिकन. दोन दारांची, आठ सिलिंडरची, लांब नाकाची आणि आखूड पाठीची, स्टिअरिंग डाव्या बाजूला. मालक बाळ केतकर, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त इंजिनिअर, राहणार एरंडवणे. त्यांनी ती त्र्याऐंशी साली मुंबईच्या एका माणसाकडून घेतली, तेरा वर्षं चालवली आणि मग हडपसरला मावसभावाच्या गोदामात लावली. ‘दोन महिन्यांसाठी’ लावलेली गाडी सत्तावीस वर्षं तिथे राहिली. चार महिन्यांपूर्वी ती ट्रकवर घालून धायरीला आणली, तेव्हा सीटखालून जमीन दिसत होती.

बरेच डेंटर गंजावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात, वर रंग मारतात आणि गिऱ्हाइकाला हसत निरोप देतात. वैजनाथ तसं करत नाही. तो पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासतो. केतकरांनी त्याच्यासाठी बाकीच्या चौघांना नाकारलं ते याच एका गोष्टीमुळे. दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी पडली असती, तर नंबर लांबीखाली गाडला गेला असता; पण राहिला असता.

गाडीचा नंबर म्हणजे पाटीवरचा नव्हे. पाटी बदलता येते. लोखंडात ठोकलेला नंबर आणि कागदावरचा नंबर जुळला, तरच सरकारच्या लेखी ती गाडी ती गाडी असते. आरटीओचा इन्स्पेक्टर त्या नंबरावर पातळ कागद धरतो, पेन्सिल आडवी घासतो आणि उमटलेले आकडे फाइलला चिकटवतो. गॅरेजवाले याला पेन्सिल प्रिंट म्हणतात. गाडी खोलायच्या आधी, पहिला हातोडा पडायच्या आधी, आपणही एक प्रिंट काढून ठेवायची, हा या धंद्यातला पहिला धडा. नंबरच नसला, तर ती चोरीची गाडी नाही हे सांगणार कोण?

वैजनाथने पहिल्या दिवशी प्रिंट काढली होती. पण तीस वर्षांत त्याच्या हाताखालून गेल्या त्या जीपा, ॲम्बॅसेडर, टेम्पो. त्यांचे नंबर जिथे असतात तिथे त्याने शोधलं. सापडलं नाही. दाराच्या चौकटीवर दोन रिव्हेटांनी ठोकलेली एक पट्टी दिसली, तिच्यावरचा नंबर कागदाशी जुळला. अमेरिकन लोकांची हीच तऱ्हा असेल, असं म्हणून त्याने पट्टीची प्रिंट घेतली आणि समाधान मानलं. रिव्हेट उडवून ती पट्टी कुठल्याही गाडीला लावता येते, हे त्याला ठाऊक होतं. तरी समाधान मानलं.

केतकर दर बुधवारी अकरा वाजता येतात. घड्याळात सात वाजायला आले होते.

साडेसातला शेजारच्या शेडमधला संजय पेंटर चहाचा ग्लास घेऊन आला. तो धायरीचाच, जुन्या गावठाणातला.

“काय वैजूभाऊ, सकाळी सकाळी कुणाचं सुतक?”

वैजनाथने बोट दाखवलं. संजय वाकला, बघितलं, चहाचा घोट घेतला.

“आयला. सगळा गेला?”

“अकरातले दोन राहिलेत.”

“मग नऊच ठोकायचेत. कागदावर नंबर हाय ना? तुझ्याकडं पंच हायेत ना? पंधरा मिन्टांचं काम. म्हाताऱ्याला दिसतंय का?”

“दिसतंय. वरनं चष्मा लावून बघतेत.”

“बरं, दिसू दे. नंबर त्योच, गाडी तीच, ठोकणारा तू का अमेरिकेतला कोण, काय फरक पडतो? पत्र्याला पत्रा जोडतोस ते चालतं, आन् आकड्याला आकडा चालत न्हाय. कमालच हाय बाबा तुझी.”

संजय गेला. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हेच वाईट होतं. वैजनाथकडे आकडे ठोकायच्या पोलादी पंचांचा डबा होता. कापलेला प्रत्येक तुकडा कुठला, हे कळावं म्हणून तो त्यांवर एक, दोन, तीन असे आकडे ठोकतो. आज तो डबा फळीवर होता आणि वैजनाथला तिकडे बघवत नव्हतं.

परळीकडून तो पुण्याला आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. हडपसरला ज्या गॅरेजात काम शिकला, तिथल्या उस्तादाला सगळे माऊली म्हणत. अठ्ठ्याण्णव साली एका संध्याकाळी माऊलीने एका टेम्पोच्या नंबरातल्या तीनचा आठ केला. तीन आठवड्यांनी पोलीस आले आणि गॅरेजातल्या पाचही जणांना घेऊन गेले. वैजनाथ तीन दिवस आत होता. त्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला : पंच कुणाच्या हातात होता? पंच माऊलीच्या हातात होता. वैजनाथच्या हातात बॅटरी होती, उजेड तो दाखवत होता. हे त्याने पोलिसांना सांगितलं नाही. पुढे लग्न झाल्यावर बायकोलाही नाही.

साडेआठला तिचाच फोन आला. सुशीलाबाई धायरीत चार घरचे डबे करते.

“अहो, डबा घेऊन येऊ का तुम्ही येताय?”

“नको. भूक नाही.”

“भूक नाही? ताप आलाय का?”

“नाही.”

“मग आवाज असा का येतोय?”

“ग्राइंडर चालू हाय.”

“ग्राइंडर चालू असल्यावर मला तुमचा आवाज तरी आला असता का?” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नऊ वाजता वैजनाथने डबा खाली काढला. गाडीला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, असं त्याने स्वतःला बजावलं. कापलेल्या पत्र्याचा एक तुकडा ऐरणीवर ठेवला, खडूने रेघ मारली आणि पट्टीच्या प्रिंटवरचा नंबर बघून एकेक आकडा ठोकला. हातोडीचा प्रत्येक ठोका त्याला नाल्यापलीकडे ऐकू जातोय असं वाटत होतं. रस्त्याने एक मोटरसायकल शेडसमोर येऊन थांबली, तेव्हा त्याने तुकड्यावर फडकं टाकलं. पत्ता विचारणारा माणूस होता. पुढे गेला.

अकरा आकडे एका रेषेत आले. इतके सुरेख, की कुणी शंका घेणार नाही. तो गाडीपाशी गेला, पहिला पंच पत्र्याला टेकवला, हातोडी उचलली. मग त्याच्या ध्यानात आलं, की या वेळी बॅटरी धरायलाही कुणी नाही. पोलिसांच्या प्रश्नाला आता एकच उत्तर होतं. त्याने हातोडी खाली ठेवली, पंच डब्यात घातले आणि ठोकलेला तुकडा खिशात. वेळ दहा वाजून दहा मिनिटं.

उरलेली पन्नास मिनिटं त्याने झाडलोट केली. शेड आधीच स्वच्छ होती.

केतकर अकराला दोन मिनिटं कमी असताना रिक्षातून उतरले. हातात घडीचं स्टूल, थर्मास आणि कापडी पिशवीत गाडीची फाइल. त्यांनी शेडमध्ये नजर फिरवली.

“वा. आज काम बंद आणि जमीन चकचकीत. कुणी मंत्री येणार आहे?”

“काका, माझ्या हातून नंबर गेला.” सकाळपासून जुळवलेली वाक्यं बाजूलाच राहिली. “गाडीचा. ठोकलेला. मला ठाऊक नव्हतं तिथं असतो म्हणून. घासला गेला.”

केतकरांनी स्टूल तसंच टेकवून ठेवलं. वाकले, चष्मा वर केला, खाली केला.

“केंद्रे,” ते म्हणाले, “चार महिने मी म्हणतोय, जरा बेताने घासा. तुम्ही म्हणता, काका, गंजाचा कणही नको. छान. कणही नाही.”

ते स्टुलावर बसले. थर्मासचं झाकण उघडताना चहा त्यांच्या बोटांवर सांडला. “माझी बायको वासंती या गाडीत पाऊल ठेवायला तयार नाही. म्हणते, आधी नोंदणीचे कागद जिवंत करा, मग मला खडकवासल्याला न्या. तिला आता काय सांगू?” मग त्यांनी वर पाहिलं. “संध्याकाळपर्यंत ठोकून टाकला असतात, तर मला कळलंही नसतं. का नाही ठोकलात?”

वैजनाथने खिशातला तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. “ठोकून बघितला.”

केतकरांनी आकडे वाचले. मग फाइल उघडली आणि तळाशी असलेला, टेपने पिवळा पडलेला एक कागद काढला. त्र्याऐंशी साली गाडी नावावर करताना इन्स्पेक्टरने घेतलेली पेन्सिल प्रिंट. चार महिने ती या फाइलीत होती. वैजनाथने प्रत्येक वेळी वरच्या कागदावरचा टाइप केलेला नंबर वाचला होता. तळ कधी चाळला नव्हता. दोघांनी प्रिंट तुकड्याशेजारी धरली. कारखान्यातले आकडे वेडेवाकडे होते. पाचवा खाली लोंबत होता, सहावा अर्धाच उमटलेला. वैजनाथचे आकडे शिपायांसारखे ओळीत उभे.

“तुमचं अक्षर अमेरिकेपेक्षा चांगलं आहे,” केतकर म्हणाले. “या प्रिंटची एक प्रत आरटीओकडेही असणार. इन्स्पेक्टरने मिनिटभरात ओळखलं असतं. आणि मग घासलाय असं नाही, बदललाय असं म्हणाले असते.”

वैजनाथ जमिनीवर बसला.

“आता?”

“आता रीतसर. परवानगी मागून नंबर पुन्हा ठोकून घेता येतो, असं ऐकलंय. ही जुनी प्रिंट, तुम्ही काढलेली पट्टीची प्रिंट, उरलेल्या सात-चारचे फोटो आणि अर्ज. त्या दोन आकड्यांना हात लावू नका. नुसता हात नाही, नजरसुद्धा लावू नका.”

“ते मानतील?”

“मला काय माहीत? मानतील, नाहीतर गाडी अडकवून ठेवतील. चौकशीही लावतील.” केतकरांनी कोरा कागद मांडीवर घेतला आणि पेनचं टोपण काढलं. “नंबर कुणाकडून गेला, हे लिहावं लागेल. मी म्हातारा माणूस, ‘कामात अनवधानाने’ असंही लिहू शकतो.”

तसं लिहिलं असतं, तर चाललं असतं. वैजनाथ ग्राइंडरकडे बघत होता.

“नाव लिहा,” तो म्हणाला. “वैजनाथ ज्ञानोबा केंद्रे. नंतर विचारण्यापरीस आधीच सांगितलेलं बरं.”

“उद्या आरटीओत बरोबर यावं लागेल. समोर उभं राहून सांगावं लागेल.”

“येतो.”

त्याने अर्जावर नावापुढे सही केली. केतकरांनी अर्ज फाइलीत ठेवला. ते गेल्यावर वैजनाथने मोबाइलवर सात आणि चारचे फोटो काढले, आकड्यांना हात न लावता वर प्लास्टिकचा तुकडा ठेवला आणि टेप चिकटवली. पंचांचा डबा फळीवर परत ठेवला नाही. कुलूप लावायच्या पेटीत ठेवला. मग सुशीलाबाईला फोन करून सांगितलं, की डबा आण, आणि थोडा वेळ बस, एक जुनी गोष्ट सांगायची आहे.

उद्या गुरुवार. दुरुस्तीसाठी या पट्ट्यातली वीज गुरुवारी सकाळी नऊला जाते ती संध्याकाळी पाचला येते. ग्राइंडर तसाही चालत नाही. शेड बंद राहील. वैजनाथ सव्वानऊला धायरी फाट्यावर उभा असेल, केतकरांची रिक्षा तिथूनच त्याला घेणार आहे.