डोळे एका रेषेत

अकरा फेब्रुवारी. जत्रेच्या कमानीचा फ्लेक्स दुपारच्या आत परभणीला छपाईसाठी पाठवायचा होता, आणि आमचे भागीदार संगणकाच्या पडद्यावरच्या माणसांच्या डोळ्यांवरून बोट फिरवत बसले होते. आधी डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. पडद्यावर बोटाची तेलकट रेघ उमटली. ती शर्टाच्या बाहीनं पुसत ते नेहमीचं वाक्य बोलले, "ताई, मला भ्याव वाटायलंय."

मी म्हटलं, "भाऊ, तुम्हाला भ्याव वाटलं नाही असं एक तरी काम दाखवा."

"म्हनून तर दुकान चालायलंय."

जिंतूरच्या स्टँडजवळ आमचं दहा बाय दहाचं दुकान. लग्नपत्रिका, पाट्या, वाढदिवसाचे आणि जत्रेचे फ्लेक्स. भाऊ मूळचे पेंटर. ट्रकच्या मागची वाघाची तोंडं आणि भिंतींवरच्या खताच्या जाहिराती रंगवून त्यांची उमेदीची वर्षं गेली. फ्लेक्स आला आणि ब्रश वाळला. मी संगणकावर अक्षरं जुळवायला शिकले होते, पण माझे रंग पाहून गिऱ्हाईक गप्प व्हायचं. दोन अडलेली माणसं एकत्र आली, एवढीच आमच्या भागीदारीची कथा.

भाऊंना नम्रतेची सवय नव्हती. "माझ्यासारखा 'श्र' काढनारा परभणी जिल्ह्यात दुसरा न्हाई," हे ते चहा आणणाऱ्यालाही ऐकवत. पण काम छपाईला जायची वेळ आली की हाच माणूस गळून जाई. तुम्हीही पाहिलं असेल, भिंतीवरची चूक पांढऱ्या रंगानं झाकता येते. फ्लेक्सवरची चूक अख्खं गाव मान वर करून वाचतं.

आमच्याकडे संगणक एक, माउस एक, खुर्च्या दोन. माझा हात थकला की ते माउस ओढून घेत. त्यांनी गुलाबीत जांभळा घातला की मी हिसकावून घेई. संध्याकाळी कुठली रेघ कुणाची हे आम्हालाच सांगता येत नसे. भाऊ तर दुकानाचं काहीही असो, "आमी केलं" असंच म्हणत. सुरुवातीला मला तो नवाबी थाट वाटायचा.

नियम एकच होता. एकानं 'नको' म्हटलं की दोघांचं 'नको'. कारण विचारायचं नाही. या नियमावर आमची बरीच वर्षं भांडणाशिवाय गेली. म्हणजे भांडणं झाली, पण काम अडलं नाही.

त्या दिवशी भाऊ 'भ्याव वाटायलंय' म्हणाले, 'नको' म्हणाले नाहीत. मी फाइल पाठवली.

कमान भाऊंच्याच गावची होती, चारठाण्याच्या पलीकडची. त्या गावात दोन गट. एका गटाचे पुढारी अण्णा, दुसऱ्याचे पाटील. आदल्या वर्षी जत्रेत देवापुढं पहिला नारळ कुणी फोडायचा यावरून नारळाबरोबर दोन डोकीही फुटली होती. भाऊ पाटलांच्या भावकीतले, लांबचे का होईना. म्हणून कमानीवर देवाच्या चित्राखाली दोन्ही पुढाऱ्यांचे फोटो एकाच मापाचे घेतले होते. दोघांचे डोळे एका रेषेत ठेवले होते. भाऊंचा जुना हिशेब असा की डोळे एका रेषेत आले की कुणी उंच नाही, कुणी ठेंगणा नाही.

हिशेब बरोबर होता. फक्त पाटलांनी फेट्यातला फोटो दिला होता, आणि अण्णांनी बोडक्या डोक्याचा.

पडद्यावर ते डोळ्यांत आलं नाही. कमान उभी राहिली, लोकांनी खालून पाहिलं, तेव्हा आलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर चार मोटारसायकली थांबल्या. अण्णा स्वतः आले होते, ते खुर्चीवर बसले. त्यांच्या पुतण्यानं मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला.

"हे बघा बाई. त्येंचा तुरा देवाच्या पायाला लागलाय. अन् आमचा मानूस कुठं? पायरीला!"

फोटो खरा होता. तुरा खरोखरच देवाच्या पायाला टेकला होता.

"दुरुस्त करून देते," मी म्हटलं.

"ते नंतर. आधी सांगा, कुनी बसवला? आमी अजून फ्लेक्सला हात लावला न्हाई. लावला की पाटलाची पोरं काठ्या काढतेत. म्हनून आधी इथं आलो. हे चुकून झालं का कुनी करवून घेतलं, तेवढं कळू द्या."

चिडलेलं गिऱ्हाईक आलं की भाऊ मागच्या कापडी पडद्याआड जात. तिथं रंगाचे जुने डबे होते, आणि आता तेही होते. पडद्याखालून त्यांच्या चपला दिसत होत्या. मी हिशेब केला. मी त्या गावची नाही, दोन्हींपैकी कुठल्या भावकीतली नाही, आणि बाईमाणूस. माझं नाव सांगितलं तर चार शब्द ऐकून घ्यावे लागतील. त्यांचं नाव आलं तर ती पाटलाच्या माणसानं काढलेली कुरापत ठरेल.

"फोटो मी बसवले," मी म्हटलं.

पडदा हलला. भाऊ बाहेर आले. चेहरा राखेसारखा, हात एकमेकांत घट्ट.

"आमी बसवले," ते म्हणाले.

"आमी म्हंजे कोन? तू का ह्या?"

"आमी."

"अरे एकाचं नाव घे ना!"

"एकानं केलंच न्हाई, तर नाव कुनाचं घेऊ?"

मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पुतण्या पुढं सरकला. अण्णांनी हात वर केला, तसा तो थांबला. अण्णा उठले, धोतर झटकलं आणि अगदी हळू म्हणाले, "बरं. गावात ये."

ओरडले असते तर मला एवढी भीती वाटली नसती.

मोटारसायकली गेल्यावर मी म्हटलं, "कशाला आलात बाहेर? मी निभावलं असतं."

"तुमी निभावलं असतं हो. उद्यापासून मी तुमच्या शेजारी कसा बसलो असतो?"

"आज आमच्याकडं राहा."

"म्हातारी आई एकटी हाय घरी. त्येंनी तिला इचारलं तर ती काय सांगंल?"

संध्याकाळच्या एसटीत ते खिडकीशी बसले. एवढी वर्षं हा माणूस प्रत्येक कामाला भ्याव वाटतं म्हणाला. त्या दिवशी एकदाही म्हणाला नाही. मला ते अजिबात आवडलं नाही. रात्री त्यांचा फोन लागला नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते. भाऊ पुन्हा दुकानात आले नाहीत. आईनं परत न जायची शपथ घातली आणि ते पूर्ण्याला बहिणीकडे राहिले. मी फाइल मोबाईलवर पाठवायची, ते तिकडून 'नको' कळवायचे, आणि कारण मी विचारत नव्हते. अशी आमची दोन वर्षं चांगली चालली. मग एका दुपारी त्यांच्या छातीत दुखलं, आणि परभणीला नेईपर्यंत सगळं संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला यातलं काही माहीत नव्हतं.

त्या सकाळी मी स्टँडवर उभी होते. गावाकडची पहिली गाडी आली. भाऊ उतरले नाहीत. कंडक्टर ओळखीचा होता. म्हणाला, "काल कमानीपाशी उतरले की. दोन्ही बाजूला मान्सं उभी होती. मधून गेले."

"कुणी काही बोललं?"

"कुनीच न्हाई."

शेजारी लग्नाचे फेटे भाड्यानं देणाऱ्याचं दुकान आहे. त्याला उठवून पाटलांच्या फेट्यासारखा एक बांधलेला फेटा घेतला आणि त्याच गाडीनं त्यांच्या गावात गेले. कमानीवर फ्लेक्स तसाच होता. भाऊंच्या दाराला कुलूप. शेजारीण शेळीला पाला टाकत होती.

"दिस उगवायच्या आत जीप करून गेले ओ ताई, म्हातारीला घेऊन. पूर्ण्याला. शेळी माज्याकडं सोडली."

"मारलं का कुणी?"

"मारलं असतं तर भांडून मोकळे झाले असते. कुनी बोलायलाच तयार न्हाई, तेचं काय करावं मानसानं?"

मी अण्णांचं घर विचारलं. तिनं हातानं दाखवलं, तोंडानं नाही.

ओसरीवर अण्णा चहा पीत होते. कालचीच माणसं भोवती होती.

"एकल्याच आल्या?"

"एकटीच."

"तो कुठाय?"

"गाव सोडून गेले."

"आमी त्याला बोट लावलं न्हाई."

"माहीत आहे."

पिशवीतून फेटा काढून मी त्यांच्यापुढं धरला. "कमान उतरवायची नाही. पाटलांचा फोटो आहे तसाच राहील. तुमचा नवा फोटो छापून वरून चिकटवू. हा घाला."

पुतण्या हसला. "कमाल हाय! बाई आमाला फेटा घालायला आली!"

बाकी कुणी हसलं नाही. अण्णांनी कप खाली ठेवला. फेटा हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला.

"तुरा केवढा हाय?"

"पाटलांच्या एवढाच."

"बराबर?"

"बरोबर."

बोटांनी तुरा सरळ केला. मग त्यांनी फेटा डोक्यावर ठेवला आणि छाती पुढं काढून बसले. मी मोबाईल वर धरला.

पहिला फोटो हलला. मी दुसरा घेतला.