भामाबाईचं माडगं

भामाबाईला पाणी फेकलेलं बघवत नसे. ती माण तालुक्यातली, दहिवडीकडची. तिकडे भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी निघत आणि भांड्यांच्या पाण्यावर दारचा शेवगा जगे. पाचगणीला पारशी पिरोजाबाईंच्या हॉटेलात ती मोरीवर भांडी घासायला लागली, तेव्हा धो धो वाहणारा नळ बघून पहिले चार दिवस तिचा जीव वरखाली झाला. काही उकडलं की त्याचं पाणी ती झाकून ठेवी. मुख्य आचारी नानासो हसे.

"भामाबाई, हितं दुष्काळ न्हाई. सोडा की हात मोकळा!"

हात मोकळा सोडायला मन तरी मोकळं हवं. नवरा गेल्यापासून तिची नऊ वर्षांची आम्रपाली आष्ट्याला मामाकडे होती. मोरीवरच्या बाया मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकत्र निजत, तिथे लेकराला ठेवायची परवानगी नव्हती. आचाऱ्यांना मात्र खोली मिळे. पोरगी पोटभर जेवली असेल का, मामी टाकून बोलत असेल का, ताप भरला तर सांगेल कुणाला, हेच भामाबाई दिवसभर भांड्यांबरोबर घासत बसे.

चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीत पिरोजाबाईंना सर्दीनं घेरलं. भामाबाईनं कामगारांसाठी हुलग्याचं माडगं केलं होतं. हुलगे भाजून, भरडून, लसूण-जिरं घालून पातळ शिजवलेलं. एक वाटी तिनं भीत भीत वर पाठवली. वाटी रिकामी आली आणि पाठोपाठ शाल गुंडाळून बाई स्वतः आल्या.

"भामा, आ सूं छे? माझा नाक उघडला ने! पुढच्या महिन्यात हॉटेलवाल्यांचा मेळा आहे. आपल्या स्टॉलवर तू हेच बनव."

नानासोच्या हातातला झारा तसाच राहिला. "बाईसाहेब, हुलगं म्हंजे घोड्याचं खाणं! मुंबईचं पाव्हणं हसतील."

"हसू दे ने. पण भामा, संध्याकाळी सात वाजेपर्यंत स्टॉल चालला पाहिजे. चालला तर तू आचारी. नाही चालला तर परत मोरी."

"आनि खोली?" भामाबाईच्या तोंडून निसटलं.

"आचाऱ्याला खोली असतेच."

मेळ्याच्या आदल्या रात्री भामाबाईनं कामगारांच्या उसळीसाठी पातेलंभर हुलगे उकडले आणि सवयीनं त्याचं काळपट पाणी, म्हणजे कट, गाळून कोपऱ्यात झाकून ठेवलं. नानासो नाक मुरडत म्हणाला, "ही गटाराची घाण कशाला जपून ठेवलीया?"

मेळा टेबललँडच्या पायथ्याशी भरला होता. एका बाजूला इराण्याचा मावा केक, दुसऱ्या बाजूला बोहऱ्यांची बिर्याणी, पुढे पंजाब्याचे छोले, नेपाळी आचाऱ्याच्या नूडल्स, आणि जिकडे बघावं तिकडे स्ट्रॉबेरी अन् मलई. मधोमध भामाबाईचं पातेलं. बाईंनी पाटीवर 'माडगं' एवढंच लिहायला लावलं होतं. लोक पाटी वाचत आणि पुढे जात.

दुपारपर्यंत गिऱ्हाईक एकच, घोडेवाला धुळा. त्यानं वाटी तोंडाला लावली आणि घोड्याकडे बघून म्हणाला, "बघू नगंस रं, आज माजी पाळी हाय."

आजूबाजूचे खो खो हसले. भामाबाईही हसली, पण पदराआड तिची बोटं एकमेकांत घट्ट रुतली होती. आष्ट्याला काय कळवायचं? औंदा न्हाई जमलं, असं?

चारच्या सुमाराला ऊन उतरलं आणि पठारावरून झोंबरा वारा सुटला. थंडगार स्ट्रॉबेरी खाल्लेली बोर्डिंगची पोरं दात वाजवत उभी होती. त्यांच्याबरोबरच्या मल्याळी सिस्टरनी वाफ बघितली, एक वाटी घेतली, डोळे मिटून प्यायल्या आणि पोरांना हाकच मारली. केरळातही हुलगे खातात, हे भामाबाईला त्या दिवशी कळलं. पोरं आली, पोरांमागे त्यांचे आईबाप आले. एक बोहरी आजोबा तीनदा येऊन गेले. शेजारचा इराणी आपला स्टॉल सोडून वाटी धरून उभा राहिला. "बाई, माझ्या केकवर वारा बसलाय, तुझ्याकडे गर्दी. हा कुठला न्याय?"

"केक तापवा की, चाचा!" भामाबाई म्हणाली आणि रांगेत हशा पिकला.

साडेपाचला पळी पातेल्याच्या बुडाला खरवडली. रांग तशीच होती. भाजलेलं पीठ उरलं होतं जेमतेम दोन मुठी. निव्वळ पाण्यात तेवढं कालवलं तर माडगं नव्हे, धुवण होईल. तिला एकदम कट आठवला, आणि पाठोपाठ नानासोचं मुरडलेलं नाक. त्यानं तो केव्हाच ओतून दिला असेल. सातला दीड तास होता.

"आवं, वाट द्या, वाट! गरम हाय!"

आवाज नानासोचा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पातेलं, कपाळावर घाम.

"रांग बघितली तवाच हाटेलाकडं पळालो," तो पातेलं उतरवत म्हणाला. "उकळून आणलाय. सकाळी वतून टाकाया उचलला व्हता. म्हनलं, चाखून तर बघावं. लय ग्वाड लागला, भामाबाई. दोन वाट्या मीच प्यालो, त्येवढं सांभाळून घ्या."

तिनं कटाला लसूण-मिरचीची चरचरीत फोडणी दिली, दोन मुठी पीठ लावलं, वर आमसूल टाकलं. वास सुटला तशी रांग बोहऱ्यांच्या बिर्याणीपर्यंत गेली. सातची घंटा झाली तेव्हा शेवटची वाटी पिरोजाबाईंच्या हातात होती आणि मागे अकरा माणसं कुरकुरत उभी होती.

"उद्या हॉटेलात या ने!" बाई त्यांना ओरडून म्हणाल्या. "आमची आचारी आहे, पळून नाही जाणार!"

पुढच्याच रविवारी भामाबाई आष्ट्याहून लेकीला घेऊन आली. खोलीत शिरताच आम्रपालीनं कोपऱ्यातला नळ सोडला आणि हात खाली धरून नाचायलाच लागली.

"आये, हे समदं पानी आपलं?"

"व्हय गं बाय, आपलं," भामाबाई म्हणाली आणि नळाखाली बादली सरकवली.