भिंतीपलीकडचं क्लॅरोनेट

माधवनगरच्या चाळीत तो आमचा शेजारी. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर त्यानं जुन्या बाजारातून क्लॅरोनेट आणलं. गिरणीतून आला की तोंडसुद्धा न धुता वाजवायला बसायचा. लय बेसूर. झालं की मधल्या भिंतीवर टकटक करून विचारायचा, "वयनी, कसं झालं?"

माझी बायको चुलीपासनं वरडायची, "अजून कच्चं हाय, भावजी."

तो कधी रागावला नाही. पुन्हा पहिल्यापासून वाजवायचा.

बऱ्याच वर्षांनी बँडात त्याला घेतलं, तेव्हा माझ्या बायकोचा दहावाही झाला नव्हता. त्याची पहिलीच वरात आमच्या गल्लीत शिरली. सूर लांबूनच ओळखला मी, अगदी स्वच्छ. सुतकाच्या दारापुढून बँड गप जातो, ही आमच्याकडची रीत. सगळ्यांच्या आधी त्यानंच क्लॅरोनेट खाली घेतलं आणि तुऱ्याची टोपी काढली.

मी उंबऱ्यावर बसलो होतो. म्हणालो, "तिनं इतकी वर्सं तुझं बेसूर ऐकलं, आन आता सुरात आलायस तर गप जातोस व्हय रं? वाजव."

त्यानं एकट्यानं वाजवलं. सगळी वरात थांबून ऐकत होती. संपल्यावर सवयीनं त्यानं आमच्या घराकडं बघितलं, पण विचारलं काही नाही.

मग तिच्या वतीनं मीच सांगितलं, "पक्कं झालं, गड्या."